वाचक विचारतात : गिटार, हँगबोर्ड आणि तीच दहा बोटं

क्लाइंबिंगसाठी बोटांची ताकद वाढवायला हँगबोर्डला (बोटांनी लटकायच्या, अरुंद कडा असलेल्या फळीला) लटकणाऱ्या आणि रोज गिटारही हातात घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बोट सुजलं असेल, बधिर झालं असेल किंवा होल्डवर (चढायच्या भिंतीवरच्या पकडीवर) असताना ‘टक्’ असा आवाज आला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग हे पान वाचा.

प्रश्न : मी रोज तासभर अकूस्टिक गिटार वाजवतो आणि आठवड्यातून तीनदा क्लाइंबिंग करतो. दोन महिन्यांपूर्वी हँगबोर्ड सुरू केला. आता सकाळी डाव्या हाताची बोटं आखडलेली असतात, मूठ पूर्ण मिटत नाही. पंधरा-वीस मिनिटांत सुटतात. दोन्हींपैकी एक सोडावं लागेल का?

सोडावं लागणार नाही. मात्र क्लाइंबिंगचा आणि गिटारचा भार वेगवेगळा मोजणं बंद करा. दोन्ही सोसणारे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर), पुली आणि सांधे तेच आहेत.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात. तिथून निघालेले टेंडन तळहातातून बोटांच्या टोकांकडे जातात आणि वाटेत पुली नावाचे पट्टे त्यांना हाडालगत धरून ठेवतात, गळाच्या काठीवरच्या कड्या दोऱ्याला धरतात तसे. प्रत्येक बोटात अशा पाच मुख्य पुली असतात. त्यांतल्या दोघींवर जास्त मदार असते : तळहाताला लागून असलेल्या पेरावरची ए-२ आणि मधल्या पेरावरची ए-४. बोटं काटकोनात मोडून क्रिंप धरली की ए-२ वर येणारा भार बोटाच्या टोकावरच्या भाराच्या साधारण तिप्पट असतो. तोच होल्ड बोटं सैल ठेवून, ओपन हँडने धरला तर तो कितीतरी पटींनी उतरतो.

गिटारचा भार याच्या पासंगालाही पुरत नाही. पण तो पुन्हा पुन्हा येतो, बोटं वाकलेल्या अवस्थेत येतो आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या फक्त डाव्या हातावर येतो. मोठ्या भारानंतर टेंडनमध्ये कोलॅजन (त्यांचं मुख्य प्रथिन) मोडण्याचं आणि बांधण्याचं अशी दोन्ही कामं वाढतात. पहिला दीड दिवस मोडणं वरचढ असतं, बांधणी त्यानंतर पुढे जाते. त्या दीड दिवसात तासभर बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा) आणि बेंडिंग (दाबलेली तार बाजूला ओढणं) केलं की सांध्यांची आवरणं आणि टेंडनभोवतीची नळी चिडते. सकाळचं आखडणं त्यातूनच येतं. स्नायू थकले तर बोटात जोर राहत नाही. आखडून मूठ न मिटणं हे बहुतेक वेळा सांध्याचं लक्षण असतं.

म्हणून जडाबरोबर जड आणि हलक्याबरोबर हलकं अशी वाटणी करा. समजा हँगबोर्ड सोमवारी आणि गुरुवारी आहे. त्या दिवशी क्लाइंबिंगही त्याच सत्रात उरका आणि गिटारचा अवघड भाग, म्हणजे बार कॉर्ड, लांब ताणाचे आकार, बेंड, वेगाचे सराव, सकाळी ३०-४० मिनिटांत आटपा. मध्ये चार-सहा तास जाऊ द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी क्लाइंबिंग नको. गिटार वीस-पंचवीस मिनिटं, मोकळ्या तारांच्या कॉर्डवर. बुधवारी गिटारला हवा तेवढा वेळ द्या, फक्त दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं हात खाली सोडा. शनिवारी सोप्या, लांब रूट (भिंतीवरच्या चढाईच्या वाटा), हँगबोर्ड नाही. रविवारी बोटांना सुट्टी.

क्रम असा का, हे अनेकजण विचारतात. क्लाइंबिंगनंतर पंजा रक्ताने टम्म असतो, स्नायू थरथरतात आणि तार किती दाबली आहे याचा अंदाज चुकतो. मग नोट स्वच्छ येण्यासाठी दुप्पट जोर लावला जातो, आणि हात नेमकं तेच शिकतो. चांगला सराव वाया जातोच, वर वाईट सवय पडते. क्लाइंबिंगच्या दिवशी संध्याकाळी गिटार हातात घ्यायचीच असेल तर उजव्या हाताचं काम करा : तार दाबून धरायच्याऐवजी नुसती बोटं टेकवून आवाज बंद ठेवा आणि ताल, पिकिंग, आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) घोटा. स्वर ओळखण्याचा सरावही तेव्हाच उरकतो.

तुमच्यासाठी आत्ता : दोन आठवडे हँगबोर्ड बंद, क्लाइंबिंग दोनदा आणि फुल क्रिंप (अंगठा तर्जनीवर चढवलेला) अजिबात नाही. आखडणं पाच मिनिटांवर आलं की वरच्या वेळापत्रकाने पुन्हा सुरू करा. दोन आठवड्यांनंतरही ते अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल, किंवा मधला सांधा दुसऱ्या हातापेक्षा जाड दिसत असेल, तर हाताच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : गिटार वाजवणाऱ्याने हँगबोर्डवर नेमकं किती करावं? सेट, सेकंद, वजन अशा आकड्यांत सांगा.

दोन वर्षं नियमित क्लाइंबिंग झालेलं नसेल तर शून्य. त्या काळात भिंतीवरच बोटं तयार होतात. दोन वर्षं झाली असतील तर पुढचं वाचा.

कड २० मिमी खोलीची घ्या. पकड हाफ क्रिंप (मधला सांधा काटकोनात, अंगठा मोकळा) किंवा ओपन हँड. अंगठा तर्जनीवर चढवून केलेला फुल क्रिंप हँगबोर्डवर नको, कँपस बोर्ड (पाय न लावता हातांनीच चढायची फळी) नको आणि एका-दोन बोटांचे पॉकेट (होल्डमधली भोकं) नकोत. पॉकेटमध्ये एक बोट ताणलेलं आणि शेजारची मिटलेली असली की तळहातातले लंब्रिकल नावाचे छोटे स्नायू उलटसुलट ओढले जाऊन फाटू शकतात. गिटारवर बोटं स्वतंत्र हलवताना हेच स्नायू कामाला येतात. ते दुखावले तर क्लाइंबिंग काही आठवड्यांत सुरू होतं, पण करंगळीचे लांब ताण महिनोनमहिने कुरकुरतात.

आधी आपली मर्यादा मोजा. २० मिमीवर दहा सेकंद जेमतेम धरवेल असं एकूण वजन, म्हणजे शरीराचं वजन अधिक कमरेला बांधलेलं, हा तुमचा आकडा. समजा वजन ६२ किलो आणि १० किलो बांधून दहा सेकंद निघाले, तर आकडा ७२. सराव त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ५८ किलोच्या आसपास. इथे वजन बांधायचं नाही, उलट चार किलो उतरवायचं आहे. कप्पी आणि दोरीने वजन लावून ते उतरवता येतं. ते जमत नसेल तर बोर्डखाली वजनकाटा ठेवून त्यावर पायांची बोटं टेकवा. काटा चार दाखवत असेल तर बोटांवर अठ्ठावन्न आहेत. लोक इथेच फसतात. शरीराच्या वजनापेक्षा कमी भार हा त्यांना सराव वाटत नाही.

दहा सेकंद लटका, तीन मिनिटं थांबा. असे चार सेट, आठवड्यातून दोनदा. शेवटच्या सेटनंतर आणखी दोन-तीन सेकंद धरता आले असते असं वाटलं पाहिजे. बोटं उघडली जाईपर्यंत लटकत राहू नका. मोडत्या पकडीत भार अचानक एका बोटावर जातो आणि बहुतेकदा ते बोट अनामिका असतं. तीन-चार आठवड्यांनी दोन किलो वाढवा. त्या आठवड्यात गिटारचा वेळ वाढवू नका. दोन्हीकडे एकदम वाढ केली की दुखलं कशाने हे कधीच कळत नाही.

डावा हात गिटारही सोसतो, म्हणून दोन्ही हातांना सारखा भार देणं हा नियम आम्ही तरी मानत नाही. हाताने धरायचा २० मिमीचा लाकडी ठोकळा आणि त्याला खाली टांगलेलं वजन घेतलं तर प्रत्येक हाताला वेगळा भार देता येतो. मोठ्या कार्यक्रमाआधीच्या महिन्यात डाव्या हाताला एक सेट कमी द्या. ताकदीतला फरक जाणवणार नाही, बोटांना जाणवेल.

मधल्या दिवसांसाठी हलका प्रकार उपयोगी आहे : पाय जमिनीवर, भार मर्यादेच्या ४० टक्के (वरच्या उदाहरणात २९ किलो, म्हणजे काट्यावर ३३ दिसायला हवेत), दहा सेकंद धरा, पन्नास सेकंद सोडा, दहा वेळा. टेंडनमधल्या पेशी दहा मिनिटांच्या भारानंतर पुढचे सहाएक तास नव्या भाराला फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे जास्त वेळ करून काही हाती लागत नाही. गिटारच्या आधी वॉर्मअप म्हणूनही हे चालतं, फक्त मग पाचच वेळा.

मुख्य वॉर्मअपमध्ये कंजूषपणा करू नका. सोप्या होल्डवर एकूण शंभरेक हालचाली होईपर्यंत बोर्डला हात लावायचा नाही.

प्रश्न : बोल्डरिंग (दोराशिवाय, कमी उंचीवरची चढाई) करताना पाय सुटला आणि डाव्या अनामिकेच्या मुळाशी कळ आली. आवाज आला नाही. आता क्रिंप धरला की दुखतं, ओपन हँडने दुखत नाही. गिटारवर बेंड करताना बारीक दुखतं. पुली गेली का?

वर्णन ए-२ च्या ताणाशी जुळतं. पाय सुटला की शरीराचा भार झटक्याने बोटांवर येतो, आणि अनामिका या दुखापतीत सगळ्यांत पुढे असते. तळहाताच्या बाजूने त्या पेरावर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत जा. एकाच ठिकाणी नेमकं दुखत असेल तर पुलीची शक्यता जास्त. तळहातापासून बोटाच्या मध्यापर्यंत पट्ट्यासारखं दुखत असेल तर टेंडनच्या नळीची सूज असू शकते. सकाळी बोट अडकून ‘खट्’ करून उघडत असेल तर तो ट्रिगर फिंगर, म्हणजे ए-१ चा त्रास.

सोनोग्राफी करून घ्या. हाड आणि टेंडन यांच्यातलं अंतर मोजून पुली ताणली आहे, अर्धी फाटली आहे की पूर्ण, ते कळतं. ताण, अर्धवट फाटणं आणि एकाच पुलीचं पूर्ण तुटणं हे सहसा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतं. एकाहून अधिक पुली तुटल्या असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पूर्ण तुटलेल्या पुलीला खास बनवलेलं कडं दीड-दोन महिने घालावं लागतं, म्हणून निदानाआधी घरगुती अंदाजावर राहू नका.

साधा ताण निघाला तर पहिले दहा ते चौदा दिवस क्लाइंबिंग नाही. बोट दिवसातून चार-पाच वेळा न दुखेल इतकं पूर्ण मिटवा-उघडा. बोट बांधून निश्चल ठेवलं की सांधा आखडतो आणि तो सोडवायला पुलीपेक्षा जास्त वेळ जातो. तिसऱ्या आठवड्यापासून वजनकाट्यावर ओपन हँड भार द्या, वेदना दहापैकी दोनच्या वर न जाऊ देता. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मोठ्या होल्डच्या सोप्या रूट, हाफ क्रिंप सहाव्या-आठव्या आठवड्यापासून, आणि पूर्ण जोराचा क्रिंप तीन महिन्यांआधी नको. दुखणं जातं तेव्हा पुली पूर्ण भरलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून भिंतीवर गेलेली माणसंच पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

गिटार चौथ्या-पाचव्या दिवसापासून चालेल, पण बेंड, बार आणि अनामिकेचे हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून काढलेले सूर) वगळून. अनामिकेचं काम मधल्या बोटाला आणि करंगळीला द्या.

क्लाइंबिंगला परत जाताना एच-टेप वापरा. न ताणणाऱ्या टेपची दहा सेंमी लांब, दीड सेंमी रुंद पट्टी घ्या. दोन्ही टोकांकडून उभी चीर द्या, मध्ये एक सेंमी अखंड ठेवा. चार पाय तयार होतील. अखंड भाग मधल्या सांध्याच्या आतल्या बाजूला ठेवून तळहाताकडचे दोन पाय पहिल्या पेराभोवती, सांध्याला लागून घट्ट गुंडाळा. मग बोट अर्धं वाकवून उरलेले दोन पाय मधल्या पेराभोवती घ्या. बोटाचं टोक मोकळं राहतं, त्यामुळे हीच टेप ठेवून गिटारही वाजवता येते. टोक निळसर पडलं तर सोडून पुन्हा बांधा. धडधाकट बोटाला टेप लावून दुखापत टळते असं मात्र समजू नका.

प्रश्न : हँगबोर्डने ताकद वाढली, तरी एफ कॉर्ड (हाही बार कॉर्डच) धरताना अंगठ्याचा मूळभाग आणि मनगट भरून येतं. आणखी ताकद हवी का?

नाही. ताकद वाढल्यामुळेच हा त्रास वाढतो. होल्ड पिळून धरायची सवय झालेला हात गिटारचा नेकही (तारांखालचा लांब दांडा) तसाच पिळतो.

एक चाचणी करा. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दुसरी तार नुसती बोटाने स्पर्श करून वाजवत राहा आणि हळूहळू दाब वाढवा. आधी मुका आवाज येईल, मग फरफर, मग स्वच्छ नोट. स्वच्छ झाली त्या क्षणी थांबा. तेवढाच दाब लागतो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे ठेवलं तर तो आणखी कमी होतो. रोज दोन मिनिटं हे केलं की आठवडाभरात फरक कळतो.

बारसाठी तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती करा. त्या बाजूला मांस कमी असल्याने तारा बोटाच्या घडीत बुडत नाहीत. अंगठा काढून कॉर्ड धरून पहा : कोपर किंचित मागे घेतला की हाताच्या वजनानेच तारा दाबल्या जातात. अंगठा फक्त टेकू आहे. मनगट सरळ हवं. ते आत वाकलं की बोटं वाकवणारे स्नायू आधीच आखूड होतात, त्यांचा जोर घटतो आणि मनगटातल्या नसेवर दाब येतो. पट्टा लावून नेकचं टोक खांद्याच्या उंचीकडे वर आणलं की मनगट आपोआप सरळ होतं. गिटार मांडीखाली लोंबत असेल तर बाकी उपाय निरुपयोगी आहेत.

मग वाद्य तपासा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर सहाव्या तारेला २.५ मिमी आणि पहिलीला १.८ मिमीच्या आसपास ठीक, इलेक्ट्रिकवर त्याहून कमी. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पहा. ती केसभर दिसावी. कागद सहज जात असेल तर नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत, आणि एफ कॉर्डचा अर्धा त्रास तिथेच आहे. कारण एफ पहिल्याच फ्रेटवर, नटला लागून आहे. खाचा कारागिराकडून खोल करून घ्या. घरी एक घासणी जास्त झाली तर मोकळी तार फरफरते आणि नट बदलावा लागतो.

तारांचा ताण हे दुसरं मोठं खातं. १२ च्या संचाचा (पहिली तार ०.०१२ इंच जाड) एकूण ताण साधारण ७३ किलो असतो, १० च्या संचाचा ६० च्या आसपास. हलक्या तारा लावल्या की नेक मागे सरळ होतो आणि तारा फ्रेटवर आपटू लागतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल केला की बहुतेक वेळा भागतं. तारा बदलायच्या नसतील तर गिटार अर्धा सूर खाली लावा. ताण ११ टक्क्यांनी उतरतो, कारण तो कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की मूळ पट्टीही परत मिळते आणि नटची उंचीही बाद होते. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या तार दाबण्याच्या हाताच्या दोन बोटांची टोकं १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात गेली. त्यांनी हलक्या तारा वापरल्या आणि पुढे गिटार तीन सेमीटोन (अर्धे सूर) खाली लावली. तीन सेमीटोन म्हणजे ताणात २९ टक्के घट. दुखऱ्या बोटाने वाजवणाऱ्याला हा मार्ग पूर्ण खुला आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, स्पर्धांसाठी क्लाइंबिंग करते आणि गिटार शिकते. महिनाभरापासून मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर, वरच्या बाजूला दुखतं असं म्हणते. कुठे लागल्याचं आठवत नाही. गिटारमुळे असेल का?

गिटारवर खापर फोडून थांबू नका. या आठवड्यातच तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि ती क्लाइंबिंग करते हे स्वतःहून सांगा.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती पुलीपेक्षा कमजोर असते. म्हणून मोठ्यांची पुली फाटते तिथे मुलांची ही कूर्चा तडकते. क्रिंपमध्ये मधल्या पेराच्या बुडाशी, नेमक्या वरच्या बाजूला दाब येतो. आवाज होत नाही, एक प्रसंग सांगता येत नाही, दुखणं हळूहळू येतं. हे वर्णन तुमच्या मुलीला लागू पडतं. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतं. तो स्वच्छ आला आणि दुखणं राहिलं तर एमआरआय करतात. वेळेत थांबलं तर साधारणपणे ते काही आठवडे ते काही महिन्यांत पूर्ण भरतं. दुर्लक्ष झालं तर बोट वाकडं किंवा कायमचं ताठर राहू शकतं.

तपासणी होईपर्यंत क्लाइंबिंग पूर्ण बंद, ‘फक्त सोप्या रूट’ सुद्धा नको. गिटार न दुखता वाजत असेल तर मोकळ्या कॉर्ड चालतील. पण डॉक्टरांनी थांबवलं तर तेही थांबवा. आणि परत गेल्यावरही हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत हँगबोर्डवर वजन बांधणं, कँपस बोर्ड आणि फुल क्रिंपचा सराव तिच्या कार्यक्रमात असता कामा नये. प्रशिक्षक वेगळं सांगत असतील तर हा मुद्दा त्यांच्याकडे ठामपणे मांडा. स्पर्धा पुढच्या वर्षीही असतात.

प्रश्न : रात्री करंगळीला मुंग्या येतात. क्लाइंबिंग की गिटार?

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर कोपरातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. वाजवताना डावा कोपर बराच वेळ काटकोनाच्याही पलीकडे वाकलेला असतो, भिंतीवर तो वाकवून लॉक केला जातो आणि झोपेत पुन्हा वाकतो. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून तो सरळ ठेवा, वाजवताना कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवू नका, दहा मिनिटांनी हात सरळ करा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर दोष मनगटाकडे आहे. वर एफ कॉर्डच्या उत्तरात सांगितलेलं मनगट सरळ ठेवणं तिथे पहिलं. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, किंवा वस्तू हातातून निसटू लागल्या, तर नसांची तपासणी करून घ्या. यात वाट पाहणं महागात पडतं.

एक वेगळी गोष्ट याच वाचकाने पुढे विचारली आहे : दुखत नाही, पण ठरावीक तुकडा वाजवताना बोट आपोआप आत वळतं. ही फोकल डिस्टोनिया असू शकते. दोष मेंदूकडून येणाऱ्या नियंत्रणात असतो, बोटाच्या ताकदीत नाही, त्यामुळे जास्त सरावाने ती बिघडते. तो तुकडा वाजवणं थांबवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : गिटारचे घट्टे टिकवू की क्लाइंबिंगची कातडी मऊ ठेवू?

दोन्ही जागा थोड्या वेगळ्या आहेत. तारेचे घट्टे बोटाच्या अगदी टोकाला, नखाजवळ पडतात. होल्ड घासतो तो टोकाखालच्या उशीवर आणि पेरांच्या घड्यांवर. टोकाचा घट्टा राहू द्या, पण त्याची उभी राहिलेली कड बारीक सँडपेपरने सपाट करा. सुरी किंवा दात नकोत. कड होल्डवर अडकली की कातडीचा अख्खा पापुद्रा निघतो, आणि मग दहा दिवस गिटारही नाही.

वाजवून झाल्यावर टोकांवर तारांच्या खोल रेघा असतात. त्या उमटलेल्या असताना धारदार क्रिंपवर जाऊ नका, कातडी रेघेवरच फाटते. तासाभराने त्या भरतात. उलट क्लाइंबिंगनंतर कातडी पातळ आणि गुलाबी असेल तर त्या दिवशी स्टीलच्या तारा नकोतच. चॉक (हात कोरडे ठेवायची पांढरी पूड) धुतल्याशिवाय तर गिटारला हात लावू नये : पूड वेढ्यांच्या तारांत अडकून आवाज बोथट करते. धुतल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा; ओल्या, मऊ झालेल्या टोकाला तार कापते. मलम रात्री लावा, घड्यांवर आणि तळहातावर, टोकांवर नको.

प्रश्न : फिंगरस्टाइलसाठी (बोटांनी तारा छेडण्यासाठी) उजव्या हाताची नखं वाढवली आहेत. लहान होल्डवर ती मागे दुमडतात. काही तोडगा?

क्रिंपमध्ये नखाचं टोक होल्डच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि नख बुडापासून उचललं जातं. तशी जखम भरून नवं नख यायला महिने लागतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची नखं टोकाच्या मांसाच्या बरोबरीने, फार तर अर्धा मिमी पुढे ठेवा. एवढ्यावर तार मांसाने धरून नखाने सोडता येते, आवाज थोडा गोल येतो, मोठा येत नाही. अंगठ्याचं नख लांब राहिलं तरी अडत नाही, फुल क्रिंप करत नसाल तर. मैफलीसाठी मोठा आवाज हवाच असेल तर चिकटवायची नखं त्या दिवशी लावा आणि भिंतीवर जाण्याआधी कोमट पाण्यात भिजवून काढा. ओढून काढली तर खालचं नख पातळ होतं.